सोडलेली लस कुणाला मिळते?



२०२१ साली काही श्रद्धावंतांनी आम्हाला विचारले, "फादर, आफ्रिकेतल्या गरिबांना लस नाही. आम्ही आमची सोडली तर?" प्रश्न प्रीतीपोटी होता, म्हणून टाळता येईना.

आपल्या शेजारच्या सीरम इन्स्टिट्यूटचे ६ लाख डोस २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घानाला पोहोचले. कोव्हॅक्स योजनेचा तो पहिलाच साठा. महिनाभरात आपल्याकडे रुग्ण वाढले, योजनेला जाणारा माल थांबला, तो नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाला. लस कुठल्या देशात जायची हे सरकारे आणि करार ठरवतात. म्हणूनच पोप फ्रान्सिस सर्व देशांसाठी वाटा राष्ट्रप्रमुखांकडे मागत होते.

मात्र लोणीच्या केंद्रावर आलेली कुपी घानाला परत जात नव्हती. कोविशिल्डच्या कुपीत १० डोस असत. उघडल्यावर ४ तासांत संपवावे लागत. नवव्याने गरिबासाठी म्हणून पाठ फिरवली आणि दुसरा कोणी आला नाही, तर तो डोस कचऱ्यात जाई. हेतू पवित्र, फळ शून्य! पाच भाकरींनंतर प्रभूने उरलेले तुकडेही गोळा करवले होते.

बाळांच्या गोवर-रुबेलाच्या लसीचेही असेच आहे. ठरल्या दिवशी येणे जमत नसेल, तर आशाताईंना आधी कळवावे. म्हणजे नर्सबाईंना कुपी केव्हा उघडायची ते ठरवता येते.