शालेय सहली व शीलसंवर्धन



हिवाळ्यात सहलीची सूचना फळ्यावर लागली की वर्गात आनंदाला भरते येते आणि पुष्कळ घरांत चिंता सुरू होते. अभ्यास बुडतो, पैसा खर्च होतो आणि मुलींना परगावी कसे पाठवावे, असे तीन आक्षेप दरवर्षी आमच्या कानी येतात. ते पोटतिडकीने घेतलेले असतात, म्हणून त्यांचा विचार करणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप अभ्यासाचा. अभ्यास म्हणजे केवळ पुस्तकाचे पठन असे मानले, तर तो बुडतो हे खरे. परंतु हिंगोलीहून एका दिवसात होण्याजोगी सहल घ्या. प्रथम नर्सी लागते. परंपरेप्रमाणे 1270 साली संत नामदेवांचा जन्म येथे झाला. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि पंजाबातील घुमान गावी त्यांची स्मृती आजही जागृत आहे. आपल्या शेजारच्या खेड्यातील नाव इतक्या दूरच्या प्रांतात आदराने घेतले जाते हे त्या मातीत उभे राहून ऐकले, म्हणजे ‘आम्ही मागास भागातील’ ही मनातील खंत आपोआप ओसरते.

पुढे औंढा नागनाथ. नामदेवांस गुरू विसोबा खेचर येथे भेटले, अशी आख्यायिका आहे. संतमेळ्यात आपण कच्चे मडके ठरलो हा अपमान गिळून ते पंढरपुराहून येथवर आले. तेव्हा अहंकार उतरविण्यासाठी घर सोडावे लागते, हा धडा या ठिकाणाहून चांगला दुसरीकडे कोठे मिळावा? तेथील हेमाडपंती देवालयाचा गाभारा जमिनीखाली असून त्याची वाट इतकी अरुंद व ठेंगणी आहे की, ताठ मानेने कोणासही आत जाता येत नाही. आमच्या शाळेत अनेक धर्मांची मुले आहेत. कोणी तेथे भक्तीने जातात, कोणी बाहेरचे शिल्प पाहतात. परंतु दुसऱ्याच्या श्रद्धास्थानी कसे वागावे, हे सर्वच शिकतात.

त्याच औंढ्याच्या परिसरात ‘लायगो’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांतून प्रकाशकिरण धाडून, प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म असा फरक मोजावयाचा, आणि त्यावरून दूरच्या विश्वातून येणारे गुरुत्वतरंग ओळखावयाचे, असे तिचे कार्य आहे. या तरंगांचे भाकीत आइन्स्टाइन यांनी 1916 साली केले. ते प्रत्यक्ष नोंदले गेले 14 सप्टेंबर 2015 रोजी. म्हणजे शास्त्रज्ञांच्या पिढ्यान्‌पिढ्या एका उत्तरासाठी खपल्या. गणिताचे एक उदाहरण दोन वेळा चुकताच वही मिटणाऱ्या विद्यार्थ्याने तो माळ अवश्य पाहावा.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सहल दूरची व डामडौलाची असलीच पाहिजे असे नाही. एस. टी. महामंडळ शैक्षणिक सहलींना प्रवासभाड्यात 50 टक्के सवलत देते, आणि भाकरी तर घरचीच असते. तरीही ज्या घरचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत, त्या मुलास ही वर्गणीदेखील जड जाते. अशा मुलास मागे ठेवून निघालेली सहल इतरांस शील नव्हे, निष्ठुरता शिकवील. यास्तव कोणाची वर्गणी कोणी भरली याचा उच्चारही न होता सर्वांस नेता येईल, इतकाच खर्च शिक्षकांनी ठरवावा.

तिसऱ्या आक्षेपाविषयी इतकेच सांगतो की, पालकांची काळजी रास्त आहे. बरोबर शिक्षिका असाव्यात, वेळेचा बंदोबस्त असावा. परंतु काळजी मुलीची आणि सहल मात्र मुलाची, हा न्याय नव्हे.

आता एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी सिद्धेश्वर धरण पाहून आम्ही परतत होतो. पूर्णेचे अडविलेले पाणी पाहताना, या पाण्याखाली कोणाची तरी शेते गेली तेव्हा खालची शेते भिजली, हे मी मुलांस मोठ्या आवेशाने सांगितले होते. वाटेत चहाच्या टपरीवर थांबून आम्ही निघालो. दोनतीन किलोमीटर गेल्यावर आठवीतील एक मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “गुरुजी, माझ्या हातून दोन पेले फुटले. मी ते बाकाखाली लपविले.” अंधार पडत होता. पालक खोळंबले असतील, असा विचार करून मी म्हणालो, “असू दे, पुढे कधीतरी पैसे पाठवू.” मुलगा गप्प बसला. तेव्हा मागील बाकावरची एक मुलगी म्हणाली, “पण गुरुजी, आपण पुन्हा इकडे केव्हा येणार?”

मजजवळ उत्तर नव्हते. चालकाची विनवणी करून गाडी माघारी वळविली. टपरीवाल्याने दोन्ही पेल्यांची किंमत मोजून घेतली. कौतुकाचा एक शब्दही काढला नाही. मुलगा थोडा हिरमुसला. मी त्यास म्हटले, “बाळ, शाबासकी मिळाली असती तर तो सौदा झाला असता. आज तू केवळ देणे फेडलेस.” आम्ही तासभर उशिरा पोहोचलो आणि पालकांचे बोल मी निमूटपणे ऐकून घेतले. त्या दिवशी परीक्षा मुलाची झाली तशी माझीही झाली, आणि मला उत्तीर्ण करणारी माझीच विद्यार्थिनी होती.

मित्रहो, सहलीने शील आपोआप घडते, असा माझा दावा नाही. वर्गात शील झाकलेले राहते. प्रवासात भूक, उशीर, गर्दी व खिडकीजवळची जागा ही त्यावरील आवरण दूर करतात. जे उघडे पडले ते सुधारण्याचे काम नंतर घरी व शाळेत करावयाचे असते. म्हणून पालकहो, मूल परत आले म्हणजे ‘काय काय पाहिलेस?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘कोणाच्या उपयोगी पडलास? तुझे काय चुकले?’ हेही मायेने विचारा. त्या उत्तरांत सहलीचे खरे फळ तुमच्या हाती येईल.