लाइन क्लिअर देण्याआधी

अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव नावातच रेल्वे घेऊन आहे. मोताळा तालुक्यातल्या आपल्या धामणगाव बढ्याहून मात्र गाडी धरायची तर मलकापूर गाठावं लागतं. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बुलढाण्यालाही स्टेशन नाही, आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी ब्रिटिश काळापासून चालत आलेली आहे. रूळ असे लांब असले तरी रेल्वेच्या नोकरीची ओढ या भागात मोठी आहे. कापूस-सोयाबीनच्या भावानं दमलेला शेतकरी, विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवणारा शिक्षक, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा आयटीआय झालेला तरुण, यांतले अनेक जण तिशीच्या आसपास ‘आता रेल्वेच’ असं ठरवून टाकतात. त्यातही सिग्नलचं काम त्यांना भावतं, कारण ते बसून करायचं, डोक्याचं आणि मानाचं वाटतं. मी स्वतः दुसरं काम सोडून उशिरा या खात्यात आलो, त्यामुळे कोणाला अडवण्याचा अधिकार मला नाही आणि इच्छाही नाही. मला सांगायचंय ते एवढंच: हे काम आपल्याला काय देतं, यावरून ते निवडू नका. बिघाडाच्या रात्री ते आपल्याकडून काय मागतं, ते पाहा; आणि ते आपल्याच्यानं होईल का, याची तपासणी हातातलं काम सोडण्याआधी करा.

आधी कामाची ओळख. विलायतेत सिग्नलमन हे जसं एक पद असतं, तसं आपल्याकडे नाही. ते काम तिघांत वाटलेलं आहे. स्टेशन मास्तर शेजारच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायला लाइन मोकळी असल्याची संमती, घेतो आणि देतो, त्या संमतीची खूण म्हणून प्रायव्हेट नंबरची देवघेव करतो, रजिस्टर लिहितो आणि पॅनलवरून मार्ग लावतो. पॉइंट्समन, म्हणजे आपला जुना सांधेवाला, बिघाडात सांधे हातानं फिरवतो, त्यांना कुलूप घालतो, आणि गेलेली गाडी शेवटच्या डब्यासह पूर्ण गेली की नाही हे डोळ्यांनी पाहतो. तिसरा सिग्नलचा तंत्रज्ञ: रिले, तारा, मोटारी, ट्रॅक सर्किट ही सगळी त्याची जबाबदारी. सातव्या वेतन आयोगानुसार यांचं सुरुवातीचं मूळ वेतन अनुक्रमे ३५,४००, १८,००० आणि, पहिल्या श्रेणीच्या तंत्रज्ञाला, २९,२०० रुपये आहे, भत्ते वेगळे. स्टेशन मास्तरला पदवी लागते, पॉइंट्समनला दहावी किंवा आयटीआय, आणि पहिल्या श्रेणीच्या सिग्नल तंत्रज्ञाला विज्ञानाची ठरावीक विषयांतली पदवी किंवा अभियांत्रिकीची पदविका वा पदवी. मध्य रेल्वेची विभागीय प्रशिक्षण संस्था भुसावळला, म्हणजे आपल्यापासून जवळच आहे. जाहिरातीतून एवढं कळतं. खरं काम कळतं ते अपघातांच्या चौकशीतून.

२२ मे १९१५ला स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल इथं जे घडलं, ते या पेशातल्या प्रत्येकानं वाचावं. सिग्नल केबिनच्या समोरच एक लोकल गाडी उभी होती. कामावर येणारा सिग्नलमन त्याच गाडीनं आला होता. तरीही थोड्या वेळानं तिचा विसर पडला आणि सैनिकांच्या गाडीला त्याच लाइनवर मार्ग दिला गेला. सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. दोघा सिग्नलमननी पाळीची वेळ आपसांत सोयीनं मागेपुढे केली होती, रजिस्टर मागाहून उतरवलं जात होतं, आणि लाइन अडलेली आहे याची आठवण म्हणून लिव्हरवर घालायची कॉलर घातलेली नव्हती. आपल्याकडे २० ऑगस्ट १९९५ला फिरोजाबादजवळ नीलगाय धडकल्यानं कालिंदी एक्स्प्रेस थांबली. ती लाइन मोकळी झाल्याची खात्री न करताच मागच्या पुरुषोत्तम एक्स्प्रेसला पुढं सोडलं गेलं आणि तीनशेहून अधिक प्रवासी मरण पावले. या दोन्ही घटनांत काम अवघड नव्हतं. शेकडो वेळा बरोबर केलेलंच काम होतं, आणि नेमका तोच त्यातला धोका होता. सिग्नलच्या कामात बुद्धीची चमक क्वचित लागते. लागते ती न कंटाळता तीच खात्री पुन्हा करण्याची वृत्ती, कोणी पाहत नसताना, पहाटे तीन वाजता, मागच्या हजार वेळा सगळं ठीक निघालेलं असतानाही. शेती किंवा दुकान स्वतःच्या अंदाजानं चालवणाऱ्या माणसाला हा बदल जड जातो. तिथं अंदाज हा गुण असतो, इथं तोच दोष ठरतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे लिव्हरच्या जमान्यातलं झालं, आता सगळं यंत्र करतं. यात तथ्य आहे. देशातल्या सहा हजारांहून अधिक स्टेशनांवर सांधे आणि सिग्नल केंद्रीय इंटरलॉकिंगनं चालतात, आणि ‘कवच’ ही गाड्यांची टक्कर टाळणारी प्रणाली हळूहळू पसरते आहे. एका लाइनवर गाडी असताना त्याच लाइनचा सिग्नल देता येऊ नये, ही सोय यंत्रात आहेच. पण २ जून २०२३ला ओडिशातल्या बहानगा बाजारला इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगच होतं. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य लाइनचा सिग्नल मिळाला, सांधा मात्र मालगाडी उभी असलेल्या लूप लाइनकडे लागलेला होता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या जोडणीत केलेल्या फेरफारातल्या चुकांचं. त्यातलं एक काम फाटकावरच्या अडसराचं होतं. २९०हून अधिक माणसं गेली, आणि पुढच्याच महिन्यात सीबीआयनं रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना अटक केली. यंत्रानं माणसाची जबाबदारी संपवली नाही. ती पॅनलवरून तारांच्या खोलीत नेली, आणि रोजच्या कामाऐवजी बिघाडाच्या तासात गोळा केली. यंत्र बंद पडतं तेव्हा कागद, कुलूप, झेंडी आणि नियमांचं पुस्तक हातात येतं; वर्षातून क्वचित लागणारं ते काम त्या वेळी पहिल्याच प्रयत्नात बिनचूक व्हावं लागतं.

दुसरा आक्षेप: सरकारी नोकरी आहे, रात्रपाळीची सवय होईल. १२ डिसेंबर १९८८ला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ ३५ माणसं मेली, कारण नवीन जोडणी करताना एक जुनी तार पूर्ण काढली गेली नाही. तिचा जुन्या जागी पुन्हा स्पर्श झाला आणि पुढं गाडी असूनही सिग्नल तांबडा झाला नाही. चौकशीत दिसलं, की ती जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी मिळाली होती. तो कामचुकार नव्हता, थकलेला होता. आपल्याकडे कामाच्या तासांचे नियम आहेत: सतत ताणाच्या ठिकाणी सहा तासांची पाळी, सर्वसाधारण ठिकाणी आठ, आणि जिथं काम मध्येमध्ये थांबतं अशा लहान स्टेशनांवर बारा तासांची. म्हणजे नव्या माणसाची नेमणूक लहान, आडबाजूच्या स्टेशनवर झाली, तर बारा तासांची पाळी वाट्याला येऊ शकते. झोपेची सवय लागत नाही. झोप मिळवावी लागते, आणि ती घर मिळवून देतं. दिवसा दार लावून शांत झोपता येईल अशी खोली, तशी समजूत असलेली माणसं, लग्नकार्यात गैरहजर राहिल्याचा राग न धरणारे नातेवाईक हे सगळं आहे का? नसेल, तर रात्री दिलेल्या लाइन क्लिअरमध्ये त्याची उणीव उतरते. हा प्रश्न घरात बोलून सुटतो, आणि तो अर्ज भरण्याआधी बोलायचा असतो.

मग डोळे आणि वय. या दोन गोष्टी अभ्यासानं बदलत नाहीत, म्हणून त्या पहिल्यांदा तपासाव्यात. स्टेशन मास्तरला ए-२ दर्जाची वैद्यकीय पात्रता लागते: चष्म्याशिवाय दूरची नजर दोन्ही डोळ्यांनी ६/९, शिवाय रंगांची, रात्रीची आणि दोन्ही डोळ्यांच्या एकत्रित नजरेची चाचणी. ही तपासणी सगळ्यात शेवटी होते. तोवर वर्षं गेलेली असतात. संगणकावरच्या अभिक्षमता चाचणीत प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोअर लागतो, आणि तिथं कोणत्याही प्रवर्गाला सवलत नाही. वयाचं म्हणाल, तर २०२४च्या भरतीत पदवीधर पदांना ३६ वर्षांची मर्यादा होती, पण त्यात कोविडमुळे दिलेली तीन वर्षांची सूट धरलेली होती. आरक्षित प्रवर्गांची नियमित सवलत वेगळी. सूट कायमची समजून बसू नये. निवृत्तिवेतनाचाही हिशेब आहे. १ एप्रिल २०२५पासूनच्या एकीकृत योजनेत पूर्ण लाभाला २५ वर्षांची सेवा लागते, आणि निवृत्ती साठाव्या वर्षी. पस्तिशी ओलांडून लागणाऱ्याला तो लाभ पूर्ण मिळत नाही.

सगळ्यात जोरकस आक्षेप वेगळाच आहे: काम सोडून पूर्ण वेळ अभ्यास केल्याशिवाय परीक्षा निघतच नाही. पुरावा उलट सांगतो. स्टेशन मास्तरसह बिगरतांत्रिक पदांची मोठी जाहिरात २०१९च्या फेब्रुवारीत निघाली, जागा ३५ हजारांच्या घरात, अर्ज सव्वा कोटीच्या आसपास. पहिली परीक्षा सुरू व्हायला २०२०चा डिसेंबर संपत आला. त्यानंतरची जाहिरात थेट २०२४मध्ये आली, आणि तिच्यात स्टेशन मास्तरांच्या जागा होत्या ९९४. आता रेल्वेनं दरवर्षीच्या भरतीचं वेळापत्रक जाहीर केलंय, ही चांगली गोष्ट आहे. तरी जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंतचा काळ उमेदवाराच्या हातात नसतो. ज्या वाटेची लांबी आपल्याला ठाऊक नाही, त्या वाटेवर शिदोरी सोडून निघणं हे धाडस नव्हे. कामासोबत रोज दोन-तीन तास नेमानं बसणाऱ्याला वेळ कमी मिळतो हे खरं, पण तो चार वर्षं टिकू शकतो. आणि या परीक्षेत टिकणं हीच अर्धी तयारी आहे. शिवाय कमाई चालू असलेला माणूस नापास झाला तर दुःखी होतो, उद्ध्वस्त होत नाही.

इतका विचार केला तर कोणीच जाणार नाही, असं म्हटलं जातं. मला तसं वाटत नाही. तिशी गाठलेल्या माणसाकडे या कामाला हवं असलेलं बरंच काही असतं: जबाबदारीची सवय, उतावळेपणाचा अभाव, चूक झाली तर तिची किंमत कोण मोजतं याची जाण. असा माणूस जाणूनबुजून आला, तर तो खात्याचं भाग्य आहे. निव्वळ ‘पर्मनंट’ शब्दावर भाळून आलेला मात्र स्वतः कुढतो आणि गाडीतल्या अनोळखी माणसांना धोक्यात घालतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. पहिल्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजर आणि रंगांची ओळख तपासून घ्या. चष्मा घालवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्या भरतीच्या अधिसूचनेतली अट आधी वाचा. वय आणि सेवेची वर्षं कागदावर मांडा. तिन्ही पदांपैकी आपलं शिक्षण आणि स्वभाव कुठे बसतो ते ठरवा: नियम आणि नोंदी जमत असतील तर स्टेशन मास्तर, तारा आणि दोष शोधणं आवडत असेल तर तंत्रज्ञ, अंगमेहनत आणि उन्हापावसात उभं राहणं चालत असेल तर पॉइंट्समन. पॉइंट्समनच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना ३५ किलो वजन खाली न ठेवता दोन मिनिटांत १०० मीटर न्यावं लागतं आणि १००० मीटर सव्वाचार मिनिटांत धावावं लागतं. त्याची तयारी गावच्या मैदानावर होते. घरात रात्रपाळीचं आणि बदलीचं बोलणं उघडपणे करा. जिथं आहात त्या कामात तीन महिने एक शिस्त पाळून पाहा: प्रत्येक नोंद त्याच क्षणी लिहायची, प्रत्येक खात्री दुसऱ्यांदा करायची. त्यात मन रमलं तर अर्ज भरा, आणि नेमणुकीचं पत्र हातात येईपर्यंत चालू काम सोडू नका. त्याचा जाच वाटला, तर दुसरी वाट धरा. त्यात कमीपणा काहीच नाही.