पायऱ्या व्हॉक्सेलच्या, दोष नोंदीचा

प्रश्न : बहुभुजी मॉडेलचे व्हॉक्सेलमध्ये रूपांतर केले की वक्र भागावर पायऱ्या दिसतात. व्हॉक्सेल आणखी बारीक करावेत का?

उत्तर : त्याने पायऱ्या लहान होतील, जाणार नाहीत, आणि व्हॉक्सेलची बाजू निम्मी केली की त्यांची संख्या आठपट होते. मुळात उणीव साठवलेल्या माहितीत आहे. ‘आत’ की ‘बाहेर’ एवढेच नोंदवले, तर पृष्ठभाग शेजारच्या दोन बिंदूंमधून नेमका कुठून गेला हे तिथेच हरवते. त्याऐवजी प्रत्येक बिंदूवर पृष्ठभागापर्यंतचे अंतर साठवा : आत ऋण, बाहेर धन. शेजारच्या बिंदूंवर -०.३ आणि ०.७ असेल, तर पृष्ठभाग आतल्या बिंदूपासून त्यांच्यामधल्या अंतराच्या तीन दशांशांवर आहे. लॉरेन्सन आणि क्लाइन यांची १९८७ची मार्चिंग क्यूब्ज पद्धत याच अंदाजाने त्रिकोण बसवते.

यावर कोणी म्हणेल, होय-नाहीच्या नोंदीच नंतर ब्लर करू. त्याने पायऱ्या मवाळ होतात, पण बारीक भाग झिजतात आणि हरवलेली जागा परत मिळत नाही. अंतरे साठवायला मेमरी फार लागेल, ही शंका रास्त आहे. म्हणून ओपनव्हीडीबी ही लायब्ररी पृष्ठभागालगतच्या अरुंद पट्ट्यातच ती ठेवते. धारदार कडांचा आक्षेप मात्र खरा आहे : मार्चिंग क्यूब्ज त्या बोथट करते. तिथे पृष्ठभागाची दिशाही वापरणारे ड्युअल कंटूरिंग घ्या. रूपांतरापूर्वी मॉडेलच्या बहुभुजी जाळीतली भोके बुजवा, नाहीतर धन-ऋण चिन्हच चुकेल. आणि मूळ जाळीच ओबडधोबड असेल, तर तिचे सपाट पैलू अंतरांतही इमानाने उतरतील. तेव्हा आधी सबडिव्हिजन करून घ्या.