लांब रात्रींच्या कादंबऱ्या

अगं, निफाडची थंडी म्हणजे मुंबईची नव्हे. इथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी हिवाळ्यात हमखास येते, आणि द्राक्षवाले घडांना तडे जातील या धास्तीने पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. जेवणं लवकर आटोपतात, दारं लागतात. बदलीच्या गावी एकटीने अशा रात्री काढायच्या, तर उशाशी कादंबरी हवी. आणि ती कोणती, हे मावशीकडून ऐकून ठेव. माझं आयुष्य वाचनालयाच्या टेबलामागे गेलं. थंडीत कोण काय नेतं आणि कोण दोन पानं वाचून परत आणून देतं, ते मी पाहिलंय.

सुरुवात जाड पुस्तकाने करू नकोस. दिवसभर ऑफिसात डोकं शिणलेलं असतं, गोधडीबाहेर हात काढवत नाही, आणि हजार पानांचं ओझं छातीवर घेऊन वाचता वाचता झोप लागते. मग दुसऱ्या रात्री तेच पान, तिसऱ्या रात्री तेच. आधी एक पातळ पुस्तक पुरं कर. ते संपवल्याचा आनंदच पुढच्या पुस्तकापर्यंत नेतो. त्यासाठी मी नेहमी अनिल बर्व्यांचं ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ हातात द्यायचे. राजमहेंद्रीचा तुरुंग, शिस्तीचा कडक जेलर ग्लाड, आणि फाशीची शिक्षा झालेला क्रांतिकारक वीरभूषण पटनाईक. या दोघांची टक्कर सुरू झाली की पुस्तक खाली ठेवता येत नाही. एका रात्रीत होतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ही तशीच आटोपशीर, पण ती सावकाश वाच. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळामास्तर म्हणून गेलेला कोवळा पोर तुला जवळचा वाटेल. तूही परक्या गावी नोकरीला आलीस.

‘नुसत्या करमणुकीचं काय वाचायचं’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिकच काढलं आणि आपल्या मोठमोठ्या कादंबऱ्या त्यातून हप्त्याहप्त्याने छापल्या. ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातच आली, आणि शिवकाळावरची ‘उषःकाल’सुद्धा. वाचणाऱ्याने पुढच्या आठवड्याची वाट पाहावी, अशी ती प्रकरणं रचलेली आहेत. म्हणून ‘उषःकाल’ एका दमात संपवायच्या नादी लागू नकोस, भाषा जुनी आहे, दम लागेल. रोज रात्री एकच प्रकरण, तेही मोठ्याने. शेजारच्या काकूंना बोलाव. त्यांना डोळ्यांमुळे वाचवत नाही, पण तुरीच्या शेंगा सोलता सोलता त्या तासभर ऐकतील, आणि उद्या काय झालं असेल याची चौकशी सकाळी दुधाच्या वेळेलाच करतील. मोठ्याने वाचलं की जुनी वाक्यं आपोआप सोपी होतात, हे करून पाहा.

आता तुझ्या पिढीला पटेल असं सांगते. तू ‘तुंबाड’ हा चित्रपट पाहिलास, 2018 चा. त्याचा दिग्दर्शक राही अनिल बर्वे हा ‘ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा मुलगा. चित्रपटाची प्रेरणा नारायण धारपांच्या एका भयकथेतली, आणि नाव घेतलंय श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. म्हणजे एका चित्रपटाचा धागा धरलास तरी अख्ख्या हिवाळ्याचं वाचन हाती येतं.

त्यातले धारप मात्र जपून वाच. ‘लुचाई’ घेशील (ती स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे), तर रविवारी दुपारी गच्चीवर उन्हात बसून घे. निजायच्या वेळी नको. थंडीत दारं-खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, पत्र्यावर वाळकं पान सरकलं तरी मोठं ऐकू येतं. धारपांना एवढं पुरेसं असतं. आमच्या वाचनालयातली धीट म्हणवणारी माणसंसुद्धा त्यांची पुस्तकं दिवसाउजेडी संपवायची.

‘तुंबाडचे खोत’ हा मात्र पौषातल्या रात्रींचा खरा सोबती. जगबुडी नदीकाठच्या खोतांच्या पिढ्यांची ही कहाणी 1987 साली दोन खंडांत आली. पहिल्या पन्नास पानांत माणसं फार भेटतात आणि नाती लक्षात राहत नाहीत, तिथेच बरेचजण पुस्तक मिटतात. तू तसं करू नकोस. एक कागद घे, कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची सून ते लिहीत जा, आणि तो पुस्तकातच ठेव. थोड्याच दिवसांत कागदाची गरज उरत नाही. खोतांचे माज, त्यांचे खून-दरोडे, त्यांच्या बायकांचं सोसणं आणि त्यातून एखाद्या पिढीत निपजलेलं चांगुलपण, हे सगळं पेंडसे असं सांगतात की आपण त्या घरात राहायला गेल्यासारखं होतं. माझ्या मते मराठीत थंडीच्या महिन्याभराला पुरून उरणारी, कुठेही न कंटाळवणारी अशी दुसरी कादंबरी नाही. दोन्ही खंड मात्र एकदमच आण. पहिला संपला आणि दुसरा कुणीतरी नेलेला असला की जीव कसा तळमळतो, ते मी टेबलापलीकडच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

मधल्या दिवसांत वेग हवासा वाटला तर अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ घे. जोगणी आणायला निघालेल्या राणोजीपासून ती जी धावते, ती थांबत नाही. समुद्र हवा असेल तर अनंत सामंतांची ‘एम. टी. आयवा मारू’. जहाज, वादळं आणि त्यावरची माणसं. रडू-हसू एकत्र हवं असेल तेव्हा मिलिंद बोकिलांची ‘शाळा’. आणीबाणीच्या काळातली नववीची पोरं, आणि मुकुंदाला आवडणारी शिरोडकर. ही तिन्ही पुस्तकं कुणालाही द्यावीत, परत आणताना माणूस आणखी काय आहे असं विचारतो.

संक्रांतीच्या सुमाराला विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ वाच. तो संग्राम 14 जानेवारी 1761 रोजी झाला. त्याआधी नोव्हेंबरपासून मराठ्यांची छावणी उत्तरेच्या त्या कडाक्यात अडकून पडली होती, रसद तुटलेली, बायकापोरं आणि यात्रेकरू सोबत, पोटात अन्न नाही आणि अंगावर पुरेसं पांघरूण नाही. एप्रिलच्या उकाड्यात, पंख्याखाली हे वाचलं तर ती भूक कळते, पण ती थंडी कळत नाही. तुझ्या घरात जानेवारीच्या रात्री पाय गार पडतील, तेव्हा सदाशिवरावभाऊंच्या छावणीतली एकेक रात्र अंगावर येईल. शेवटची शंभर पानं सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेव. त्यानंतर लगेच दुसरं पुस्तक उघडवत नाही.

पुस्तकं वाचनालयाची असतील, तर दोन गोष्टी सांभाळ. शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर नेऊ नकोस. या दिवसांत हवा आधीच कोरडी, त्यात जुना पिवळा कागद आच लागली की कुरकुरीत होतो आणि बांधणीचा डिंक सुटतो. पान उलटताना वरच्या कोपऱ्याने अलगद उचल, थुंकी लावून नको. हाताला तेल-मलम लावलं असेल तर आधी पुसून घे. थंडीत आपण सगळेच भेगांना काहीतरी चोपडतो आणि मग ‘फकिरा’च्या पानांवर वर्षानुवर्षं बोटं उमटलेली दिसतात.

आणि ‘तुंबाडचे खोत’ची मागणी आजच नोंदवून ठेव. डिसेंबर लागला की आमच्याकडे त्या दोन खंडांसाठी नावं लागायची, तुझ्याकडेही लागतील.