काचेच्या टाकींतील मासे व नळाचें पाणी

करंजाड्यासारख्या वसाहतींत ज्या घरीं काचेच्या टाकींत गप्पी, मॉली अथवा सोनेरी मासे पाळलेले असतात, तेथें पुष्कळदां असा अनुभव येतो: टाकी घासून पुसून लख्ख करावी, नळाचें ताजें पाणी काठोकाठ भरावें, आणि थोड्याच वेळांत मासे वर येऊन तोंडें उघडूं-मिटूं लागावेत. जें पाणी आपण निःशंकपणें पितों, तें माशांस कां बाधावें?

ह्याचें कारण क्लोरीन नामक वायु होय. पटकी, विषमज्वर इत्यादि रोगांचे जंतु पाण्यांतून पसरतात. त्यांच्या नाशाकरितां शुद्धीकरण केंद्रांत पाण्यांत क्लोरीन घालितात. इंग्लंडांतील लिंकन शहरीं विषमज्वराची सांथ आली असतां १९०५ सालीं हा उपाय योजिला गेला, व पुढें तो जगभर पसरला. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरामागें निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. पावसाळ्यांत पाणी गढूळ झालें म्हणजे केंद्रांत क्लोरीन बहुधा अधिक घालावा लागतो.

आपल्या पोटांत गेलेला एवढासा क्लोरीन अन्नरसांत तत्काळ निष्प्रभ होतो. माशाचा श्वास मात्र पाण्यांतच चालतो. त्याच्या कल्ल्यांच्या अति पातळ पडद्याच्या एका बाजूस पाणी, तर दुसऱ्या बाजूस रक्त असतें. क्लोरीन हा पडदा जाळितो, व मासा भर पाण्यांत गुदमरतो. शिवाय माशांनीं टाकलेला विषारी अमोनिया सौम्य करणारे उपकारक जंतु टाकींतील वाळूवर वाढतात. तेहि क्लोरीननें मरतात.

ह्यावर उपाय सोपा आहे. पाणी रुंद तोंडाच्या बालदींत चोवीस तास उघडें ठेवावें. मधून मधून ढवळल्यास अथवा पंपानें हवा सोडल्यास क्लोरीन लौकर उडतो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा ‘हायपो’, वापरावा. त्याचे १० ग्रॅम स्फटिक विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करावें. लिटरामागें १ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या १० लिटर पाण्यास त्याचे सुमारें १५ थेंब पुरतात. क्लोरीन उरला आहे कीं नाहीं, हें ग्रामपंचायतींत वापरतात त्या ओ. टी. द्रावणानें कळतें. नळींत थोडें पाणी वेगळें घेऊन त्यांत थेंब टाकावे. पिवळा रंग आल्यास क्लोरीन आहे असें समजावें. तपासलेलें पाणी मात्र टाकींत ओतूं नये.

तरीहि सर्व पाणी एकदम बदलूं नये. आठवड्यास चौथा हिस्सा पुरे. उन्हाळ्यांत गच्चीवरील टाकीचें पाणी तापलेलें असतें, म्हणून नवें पाणी जुन्याइतकेंच कोमट अथवा गार असल्याची खात्री करावी. वाळूहि नळाखालीं न धुतां टाकींतून काढलेल्या पाण्यांतच विसळावी.

पालकांस एवढीच विनंति, कीं मासे मेल्यास मुलास निष्काळजी म्हणूं नये. बहुधा त्यानें स्वच्छतेच्या हौसेनेंच तें केलेलें असतें. त्यास आदल्या दिवशीं बालदी भरून ठेवण्याची संवय लावावी. तिच्यानें मासे जगतात, आणि दुसऱ्या जीवाची गरज आपल्याहून निराळी असते, हेंहि मुलास उमगतें.