नाव जुळलं म्हणजे पूर्वज सापडला असं नाही

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावं आहेत. एक आमचं सिंदी मेघे, वर्धा शहराला लागून असलेलं. दुसरं सिंदी रेल्वे, आजच्या सेलू तालुक्यातलं. इंग्रजांच्या काळात जिल्ह्यात वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीनच तहसिली होत्या आणि दोन्ही सिंदी वर्धा तहसिलीत मोडत. त्यामुळे जुन्या कागदावर ‘सिंदी, त. वर्धा’ एवढंच दिसलं तर ते गाव कोणतं, हे कळायला मार्ग नसतो.

आमच्या घरात पुतणीच्या जात पडताळणीसाठी पणजोबांची नोंद हवी होती. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, हे आता घरोघरी पाठ आहे. एका मध्यस्थाने पैसे घेऊन कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल आणून दिली. पणजोबांचं नाव जुळत होतं, त्यांच्या वडिलांचं जुळत होतं, जातही तीच. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वडील मात्र त्या नकलेवरच्या मागच्या-पुढच्या नोंदी वाचत बसले आणि म्हणाले, “यातलं एकही घर आपल्या गावचं नाही.” नक्कल दुसऱ्या सिंदीची होती. ती तशीच पडताळणी समितीपुढे गेली असती, तर खऱ्या दावेदार मुलीवर खोट्या पुराव्याचा ठपका आला असता.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की फक्त आपली ओळ पाहू नका, अख्खं पान वाचा. शेजारपाजारची नावं ओळखीची निघाली तर गाव आपलं. मौजा, पटवारी हलका नंबर आणि बंदोबस्त नंबर या तीन गोष्टी कागदावर शोधा. त्या काळी आडनाव लिहायची रीत फारशी नव्हती. ‘गणपत वल्द महादू, कुणबी, सा. देह’ एवढ्यावर नोंद संपते, आणि असे गणपत वल्द महादू गावोगाव निघतात. ‘सा. देह’ म्हणजे माणूस त्याच गावचा रहिवासी. तिथे दुसऱ्या गावाचं नाव असेल तर ती ओळ सोन्याची समजा. आपलं कुळ मूळ कुठून आलं, याचा तो लेखी माग असू शकतो.

गाव कोणत्या राज्यकारभारात होतं, हेही आधी समजून घ्यावं. रघूजी भोसले तिसरे डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६१ साली मध्य प्रांत झाला, १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा निघाला. पहिला पक्का बंदोबस्त रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने केला, त्याचा अहवाल १८६७ चा आहे. इथे मालगुजारी होती, शेताला खसरा नंबर होता. मालगुजार, मालिक मकबुजा, मौरूसी कुळ, साधं कुळ अशी उतरंड होती. पूर्वज मालगुजाराच्या यादीत सापडला नाही म्हणून खट्टू होऊ नका, तो कुळांच्या यादीत असेल. वर्धा नदी ओलांडून वऱ्हाडात गेलात की सगळंच बदलतं. तिथे रयतवारी आणि सर्व्हे नंबर. पलीकडून आलेल्या घराण्याचे जुने कागद वर्ध्यात शोधून काही हाती लागत नाही, ते अमरावती-यवतमाळकडेच शोधावे लागतात.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांचं नाव या जमाबंदीत क्वचितच येतं. गावातली बरीच माणसं अशीच होती, आणि त्यांचा आधार कोतवाल बुक आणि शाळेचं दाखल-खारीज. कोतवाल बहुधा निरक्षर असे, तो तोंडी सांगे आणि लिहिणारा दुसरा. त्यामुळे एकाच माणसाचं नाव कुठे सखाराम, कुठे सख्या असं येतं. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव सहसा नसतंच. ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढंच. तो मुलगा आपला आजोबा की लहानपणीच गेलेला त्याचा भाऊ, हे शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

आमच्या घरात पणजोबा ‘मानमोडीत गेले’ एवढंच सांगत. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात तिने हाहाकार केला होता. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं मी स्वतः पाहिली आहेत. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द आहे, ताप. शाई तीच, अक्षर तेच, फक्त घाई वाढत गेलेली. त्यातल्या एका ओळीत पणजोबा मिळाले, आणि पुढे फेरफारात पणजी मिळाली, ‘बेवा’ म्हणून. नवरा गेल्याशिवाय बाईचं नाव जमिनीच्या कागदांत सहसा येतच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तिचं माहेर तर कुठेच नोंदलेलं नाही. ते विचारायला घरातली म्हातारी माणसंच हवीत, आणि ती आहेत तोवरच विचारायला हवं.

कामठीच्या छावणीशी नातं असलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आणखी एक लक्षात ठेवावं. १८२१ मध्ये वसलेल्या त्या छावणीत मद्रासच्या पलटणी असत. म्हणून तिथल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती मद्रासच्या खात्यात गेल्या आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही त्या मद्रास विभागातच शोधाव्या लागतात. मुंबईच्या यादीत नाव नाही म्हणून शोध सोडू नये.

सनांच्या बाबतीतही फसगत होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण फसली दख्खनी असेल तर ५९० आणि उत्तरेकडचा असेल तर ५९२-५९३ मिळवावे लागतात. मोडीतला कागद जाणकाराकडूनच वाचून घ्या, आणि शक्य असेल तर दोघांकडून.

नकलेसाठी तहसिलीच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेख कार्यालयात स्वतः अर्ज करा. अर्जात मौजा, हलका आणि साल स्पष्ट लिहा, शिक्क्यासह प्रमाणित प्रत मागा. घरात जुना पट्टा किंवा फेरफार असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका. उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही बिघडतात आणि शिक्का खरा की खोटा, हे नंतर तपासता येत नाही. त्याचा फोटो काढून ठेवा, आणि मूळ कागद कितीही ओळखीचा माणूस असला तरी त्याच्या हाती देऊ नका.