रेशनचे धान्य आणि किराण्याची पिशवी

आहारविषयक सल्ला देताना आपण डॉक्टरमंडळी रुग्णाच्या ताटाचा विचार करतो. ते ताट ज्या पिशवीतून भरते, तिच्याकडे सहसा पाहत नाही. माझे हे दुर्लक्ष एका अनुभवाने मला उमगले, तो येथे मांडत आहे.

बऱ्हाणपुरातील एका यंत्रमाग कामगाराच्या पत्नी मधुमेहासाठी माझ्याकडे येत. ‘डाळ, भाजी वाढवा,’ असे मी प्रत्येक वेळी सांगे. रक्तातील साखर मात्र उतरत नसे. एकदा त्यांच्या पिशवीत तेल, साखर, टोस्ट आणि मुलांसाठी चटकदार पुड्या दिसल्या. डाळ केवळ पावशेर. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, गहू-तांदूळ कंट्रोलमधून मिळतो. पैसे एवढ्यालाच लागतात.”

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम, अर्थात ५७० किलोकॅलरींच्या आसपास. हा आधार मोठा आहे. परंतु डाळ, भाजी, फळे, दूध बाजारातूनच आणावी लागतात. पाच माणसांच्या घरी २५ किलो धान्य येते. किलोला ३० रुपये धरल्यास ७५० रुपये वाचतात. ते कोठे खर्च होतात, यावर घराचे पोषण बरेचसे अवलंबून असते.

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन व नोलन मिलर यांनी चीनच्या हूनान व गान्सू प्रांतांत गरीब कुटुंबांना मुख्य धान्यावर सवलत देऊन पाहिली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, त्यामुळे पोषण सुधारल्याचा पुरावा आढळला नाही. वाचलेला पैसा अधिक चवीच्या पदार्थांकडे वळू शकतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. यात गरिबांना दोष देण्याचे कारण नाही; कष्टाच्या दिवसाअखेर जिभेला थोडे सुख कोणाला नको असते?

पुढील भेटीत मी त्या भगिनींना महिन्याची किराणा यादी आणावयास सांगितली. टोस्ट व पुड्यांऐवजी तूरडाळ, हरभरे, हंगामी पालेभाजी आणि मुलांसाठी आपल्याच शिवारातील केळी, एवढा बदल आम्ही दोघांनी मिळून केला. खर्च जवळजवळ तेवढाच राहिला. तीन महिन्यांनी साखर उतरलेली दिसली. औषधेही चालू होती, म्हणून सारे श्रेय मी यादीला देत नाही.

सहकाऱ्यांना विनंती एवढीच : ‘काय खाता?’ या प्रश्नासोबत ‘रेशनमध्ये काय मिळते आणि दुकानातून काय आणता?’ हेही रुग्णास विचारावे.